पालिका नऊ, स्टिकर एकच हवं

महोदय,
मुंबई महानगर प्रदेशातून पेट्रोल-डिझेल गाड्या टप्प्याटप्प्याने बाद करता येतील का, हे तपासायला उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर राज्य सरकारने जानेवारी २०२५मध्ये समिती नेमली. त्यातून उद्या जुन्या गाड्यांना शहराच्या काही भागांत बंदी आलीच, तर आम्हा टेम्पोवाल्यांचं एक म्हणणं आत्ताच नोंदवतो. गाडीचा प्रदूषणाचा वर्ग दाखवणारं काचेवरचं स्टिकर सगळीकडे एकच चाललं पाहिजे.

युरोपला हे जमलेलं नाही. माझी भाची जर्मनीत कोलोनला असते. तिच्या जुन्या डिझेल गाडीच्या काचेवर दोन गोल स्टिकर आहेत. जर्मनीचं हिरवं, त्यावर ४ आकडा आणि खाली गाडीचा नंबर. दुसरं पॅरिसला जायचं म्हणून काढलेलं, फ्रान्सचं 'क्रिट-एअर', नारिंगी, आकडा ३. गाडी तीच, 'युरो ४'. धुराचं हे मोजमापही तेच, युरोपीय संघाचं. तरी एकीकडे सर्वांत वरचा वर्ग, दुसरीकडे मधला, आणि एकाचं दुसऱ्याला चालत नाही!

आपल्याकडे धुराचं मोजमाप 'भारत स्टेज' (बीएस) देशभर एकच, म्हणजे निम्मं काम झालेलं आहे. पण नंबरप्लेटसोबत मिळणारं आपलं काचेवरचं स्टिकर सांगतं इंधन: पेट्रोल-सीएनजीला निळं, डिझेलला नारिंगी, बीएस-६ असेल तर वर हिरवी पट्टी. दिल्लीत हवा फारच बिघडली की बीएस-३ पेट्रोल चारचाकी बंद करतात, बीएस-४ पेट्रोल सोडतात. काचेवर दोघींनाही निळंच. मग हवालदार आरसी मागणार, मागे रांग लागणार.

मी कळव्याचा. तुर्भ्याच्या मार्केटमधून माल भरायचा, विटाव्याच्या रेल्वे पुलाखालून ठाण्यात शिरायचं, पुढे भिवंडीच्या गोदामाचं भाडं मिळालं तर तेही मारायचं. एका दिवसात तीन महापालिका. प्रदेशात आहेत नऊ. प्रत्येकीने आपापलं स्टिकर आणि आपापली फी काढली तर? काचेवर आधीच फास्टॅग आहे, नंबरप्लेटचं स्टिकर आहे, बायकोने लावलेली एकवीरा आई आहे. समोरचा रस्ता दिसायला थोडी जागा नको?

गाडीचा बीएस वर्ग सरकारच्या 'वाहन' पोर्टलवर असतोच. तोच आकडा, दहा फुटांवरून वाचता येईल एवढा मोठा, नंबरप्लेटच्या स्टिकरवर छापावा. न्हावा-शेव्याला येणाऱ्या कंटेनरांचं पासिंग गुजरातपासून कर्नाटकपर्यंत कुठलंही असतं, त्यामुळे हा बदल केंद्राच्या मोटार वाहन नियमांतच व्हायला हवा. समितीने तशी शिफारस करावी. आणि ज्यांनी नव्या नंबरप्लेटचे पैसे भरलेत, त्यांच्याकडून या आकड्यासाठी वेगळी फी घेऊ नये.

– एक टेम्पोमालक, कळवा (ठाणे)