वंडरलाला निघण्याआधी

अंबाजोगाई

चि. सौ. वैशालीस अनेक आशीर्वाद.

दिवाळीच्या सुट्टीत लेकरांना हैदराबादच्या वंडरलाला, त्या झुल्यांच्या पार्कला, न्यायचं ठरवलंस, बरं केलंस. खोपोलीचं इमॅजिका मनातून काढलंस तेही बरंच. नांदेडहून खोपोली म्हणजे पुण्याच्याही पुढे घाट उतरून जायचं, आणि तिथे वॉटर पार्कचं तिकीट वेगळं. हैदराबाद त्या मानाने निम्म्या वाटेवर, आणि वंडरलात झुले आणि पाणी एकाच तिकिटात.

पहिली गोष्ट. एवढं महागाचं तिकीट काढलंय, तर सगळे झुले झालेच पाहिजेत, हा हट्ट घरीच ठेवून जा. चार वर्षांचं लेकरू सकाळी दहापासून संध्याकाळपर्यंत उन्हात ओढत नेलं की चार वाजता ते भोकाड पसरतं आणि मग कोणाचीच मजा राहत नाही. बेत पार्थच्या दुपारच्या झोपेभोवती आखायचा. बाकीच्यांचं आपोआप बसतं.

आता तारीख. भाऊबीज उरकली की त्यानंतरचा मंगळवार, बुधवार किंवा गुरुवार धर. तेलंगणात मोठी सुट्टी दसऱ्याला असते, बतुकम्मा या तिथल्या फुलांच्या सणासकट जवळजवळ दोन आठवडे. दिवाळीला तिथल्या शाळा एखाद-दोन दिवसच बंद. म्हणजे आपली लेकरं घरी असतात तेव्हा तिथली लेकरं शाळेत असतात, आणि मधल्या वारी रांगा निम्म्यावर येतात. शनिवार-रविवार मात्र अख्खं हैदराबाद तिथे. पाऊसही तोवर ओसरलेला असतो. विजा चमकायला लागल्या की उंच झुले बंद करतात आणि त्याचे पैसे कोणी परत देत नाही. मे महिन्याचं तर नावच घेऊ नकोस. दुपारी तिथली फरशी अनवाणी पायाला भाजून काढते, आणि पाण्याच्या भागात चपला काढाव्याच लागतात. आणखी एक, तुझी पाळीची तारीख बघूनच दिवस पक्का कर. पाण्यात पॅड फुगतो, काही उपयोगाचा राहत नाही.

तिकीट तिथे वयावर नाही, उंचीवर असतं. 85 सेंटीमीटरच्या आतल्या लेकराला मोफत, त्यावर 140 पर्यंत लहान मुलांचं, पुढे मोठ्यांचं. दर आणि नियम बदलत असतात, काढताना त्यांच्या साइटवर एकदा नजर टाक. कॉलेजच्या ओळखपत्रावर सूट मिळते, तुझी नणंद येणार असेल तर तिला कार्ड घ्यायला सांग. मोठी रांग टाळायचं फास्ट ट्रॅकचं जास्तीचं तिकीट गर्दीच्या दिवशी कामाचं. मधल्या वारी ते पैसे मला तरी वाया वाटतात.

दोघांची उंची घरीच मोज. बूट-चप्पल काढून, टाचा भिंतीला टेकवून, डोक्यावर पुस्तक आडवं धरून पेन्सिलची खूण कर. ओवी नऊ वर्षांची, 130 च्या आसपास भरेल. म्हणजे काही मोठ्या झुल्यांवर तिला सोडणार नाहीत. हे तिला नांदेडातच सांग. अर्धा तास रांगेत उभं राहून दारावरच्या पट्टीपाशी अडवलं की जो तमाशा होतो तो टळतो. जाड तळव्याचे बूट घालून दोन इंच वाढवायचा शहाणपणा काही आया करतात. तो अजिबात करू नकोस. झुल्यात खांद्यावरून किंवा मांडीवर जो दांडा येतो तो ठरावीक उंचीच्या अंगाला धरतो. लेकरू बुटकं असलं की दांडा आणि अंग यांच्यात फट राहते, आणि झुला वरून खाली येताना अंग उचललं गेलं की लेकरू खालून सटकू शकतं.

तुम्हा दोघांनाही मोठ्या झुल्यात बसायचं असेल तर पार्थला घेऊन एकाने खाली थांबायचं आणि मग पाळी बदलायची. दुसऱ्याला परत सगळी रांग लावावी लागते का, ते झुला चालवणाऱ्या पोराला आधीच विचार. गर्दी नसली की बरेचदा सोडतात.

कपड्यांपाशी सगळे फसतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते. पाण्यात सुती कपडे, साडी, सलवार, जीन्स चालत नाहीत, नायलॉनचेच लागतात. त्याला कारण आहे. सुती कापड पाणी पिऊन जड होतं, घसरगुंडीवर अडकतं, आणि त्याचे धागे सुटून पाणी गाळायच्या यंत्रात जातात. चेन आणि धातूच्या बटणांनी घसरगुंडीला चरे पडतात, ते मागून येणाऱ्याच्या पाठीला लागतात. आत दुकानात कपडे मिळतात, पण मापाचे मिळतीलच असं नाही आणि भावही त्यांचाच. तुझ्यासाठी पूर्ण बाह्यांचा आणि घोट्यापर्यंत लेगिंग असलेला पोहायचा ड्रेस घे. नांदेडात वजिराबादला नाही मिळाला तर ऑनलाइन मागव, पण आठ दिवस आधी. घालून, बसून, वाकून बघ. ओला झाला की तो अंगाला चिकटतो, म्हणून गडद रंगाचा. पार्थला पाण्यात घालायचं वेगळं डायपर लागत असेल तर तेही आत्ताच घेऊन ठेव.

मंगळसूत्र, जोडवी, बांगड्या, ओवीचे पैंजण सगळं हॉटेलात कुलपात. घसरगुंडीच्या सांध्यात पैंजण अडकला तर नुकसान दागिन्याचं नाही, पायाचं आहे. विहीणबाईंना मंगळसूत्र काढायला जीवावर येईल, त्यांना म्हणावं तुम्ही पाण्यात उतरू नका, काठावर बसा. केस आधी साध्या पाण्याने पूर्ण भिजवायचे, मग घट्ट वेणी. कोरडा केस क्लोरीनचं पाणी ओढून घेतो, आधीच भिजलेला कमी ओढतो. मोबाइलसाठी गळ्यात अडकवायची प्लास्टिकची पिशवी मिळते. ती घरी टिश्यू पेपर घालून बादलीत अर्धा तास बुडवून बघ. कागद कोरडा निघाला तरच मोबाइल ठेव.

दिवसाची आखणी अशी. दार उघडायच्या वीस मिनिटं आधी पोचा. आत शिरल्यावर सगळे पहिल्याच झुल्याला गर्दी करतात, तुम्ही सरळ मागच्या टोकाला जा आणि तिथून पुढे या. सकाळी मोठे कोरडे झुले उरकायचे. गरगर फिरणारे झुले जेवणानंतर नको, निदान तासभर जाऊ दे. ओवीला गाडी लागते ना, मग डॉक्टरला विचारून उलटीची गोळी आधीच दे. मळमळायला लागल्यावर गोळी पोटात टिकत नाही.

जेवण साडेअकराला. दीड वाजता जेवायला गेलात तर जेवणाचीच रांग झुल्याएवढी. जेवून पार्थला सावलीत किंवा एसीच्या हॉलमध्ये तासभर झोपव. तेवढ्यात ओवीला घेऊन जावईबापू जातील. पाण्याचा भाग उशिरा सुरू होतो आणि कोरड्या झुल्यांच्या आधी बंद होतो, वेळा दाराशी फलकावर असतात. दुपारी तिथे. मोठ्या लाटांचा तलाव सुरू झाला की सगळे मधोमध खोलात धावतात. पार्थला घोट्याभर पाण्याच्या कडेलाच बसव, आणि एक मोठं माणूस हाताच्या अंतरावर, मोबाइल बाजूला ठेवून. वाचवणारे शिट्टी घेऊन उभे असतात, पण त्यांची नजर शंभर डोक्यांवर असते.

बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत. दाराशी पिशवी उघडून बघतात. तान्ह्या लेकराचं खाणं आणि औषधं सोडतात. धपाटे, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी गाडीतल्या प्रवासासाठी कर, ती वाटेत संपव. रिकाम्या बाटल्या ने, आत पिण्याच्या पाण्याचे नळ आहेत. पाण्यात असताना लेकरांना तहान कळत नाही, पण घाम तर जातोच. दर तासाला घोट-घोट पाजत राहा. ओआरएसची दोन पाकिटं ठेव, एक पाकीट लिटरभर पाण्यात. पाकीट नसलं तर लिटरभर पाण्यात सपाट 6 चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, आणि मीठ अंदाजाने घालायचं नाही.

सकाळी हॉटेलातून निघताना दोघांचा पूर्ण उभा फोटो काढ. लेकरू चुकलं की आई म्हणते, निळा शर्ट होता, आणि तो असतो हिरवा. हातावर बॉलपेनने लिहिलेला नंबर पाण्यात जातो. न पुसणाऱ्या मार्करने कपड्याच्या आतल्या बाजूला लिही. ओवीला सांग, चुकलीस तर दाराकडे जायचं नाही, गणवेशातल्या माणसापाशी जाऊन हिंदीत सांगायचं. तिथे तेलुगू बोलतात, पण हिंदी सगळ्यांना कळते.

जाताना देगलूर, संगारेड्डीवरून उतरलात की पटनचेरूपाशी बाह्यवळण रस्त्याला लागा. शहरात शिरायचंच नाही. वंडरला रावीर्यालला, त्याच रस्त्याला लागून आहे. आदल्या रात्री तिथेच जवळपास मुक्काम करा. नांदेडहून पहाटे निघून थेट दारात गेलात तर लेकरं रांगेतच पेंगतील.

विहीणबाईंचा गुडघा बघता रामोजी फिल्म सिटी त्यांच्यासाठी दुसऱ्या दिवशी ठेव, त्याच रस्त्याने पेद्दा अंबरपेटला उतरून. 1,666 एकरांचा पसारा आहे, बहुतेक ठिकाणी बसनेच फिरवतात. पण बसमध्ये चढ-उतार बरीच, त्यांना काठी घ्यायला लाव. एका दिवसात दोन्ही जमवायच्या भानगडीत पडू नकोस.

वंडरलातून बंद व्हायच्या तासभर आधी निघा. शेवटच्या घटकेला कपडे बदलायच्या खोलीपाशी आणि लॉकरपाशी एकदम झुंबड होते, त्यात ओली लेकरं काकडतात. कोरडे कपडे लॉकरमध्ये सगळ्यात वर ठेव, ओल्यासाठी दोन जाड पिशव्या. लॉकरची अनामत परत घ्यायला पावती लागते, ती जावईबापूंकडे न देता तुझ्याकडेच ठेव.

उंची मोजलीस की आकडे मला फोनवर सांग. पार्थच्या मापाचा पोहायचा ड्रेस मी इथल्या दुकानात बघून ठेवला आहे, तोच घ्यायचा का ते ठरवू.

तुझी
आई