कंदमुळांना एकच नियम नको

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्याच्या आपल्या पुरवणीत कंदमुळं आणल्याबरोबर धुऊन, कापून, डब्यात भरून फ्रीजमध्ये ठेवावीत, असा सल्ला छापून आला आहे. गाजर, बीट, आलं, रताळं सगळ्यांना तोच एक नियम. वाचून राहवलं नाही, म्हणून हे पत्र.

माझी लेक इंग्लंडमध्ये लीड्सला असते. हिवाळ्यात तिच्याकडे राहायला गेले की घरात पार्सनिप येतोच. दिसायला मळकट पांढऱ्या गाजरासारखा, वरून जाड आणि खाली निमुळता. पहिल्यांदा पाहणाऱ्याला मुळाच वाटतो, पण हा मुळ्याच्या नव्हे, गाजराच्या घराण्यातला. कोथिंबीर, जिरं, ओवा, बडीशेप हीही त्याच घराण्यातली, आणि ते चवीला कळतं. लेकीच्या शेजारचे आजोबा पार्सनिप लावतात आणि लागेल तसा उपटतात. बाकीचे हिवाळाभर जमिनीतच राहतात. कडाक्याची थंडी पडली की कंदातल्या पिठाची साखर होऊ लागते. म्हणून दंव पडून गेल्यावरचा पार्सनिप गोड.

इथेच साठवणीचं सगळं आलं. जे पीक थंडीत गोड होतं, त्याला घरातही थंडीच हवी. पाला आधी काढून टाकायचा, कारण तो कंदातलं पाणी ओढतो. माती हाताने झटकायची, धुवायचं मात्र शिजवताना. भोकं असलेल्या पिशवीत, फ्रीजच्या भाजीच्या कप्प्यात दोन-तीन आठवडे सहज राहतो. शेजारी सफरचंदं ठेवू नयेत. त्यांच्यातून निघणाऱ्या वायूने गाजर आणि पार्सनिप दोन्ही कडवट होतात. शेजारचे आजोबा काढून ठेवलेले कंद दमट वाळूत, एकमेकांना न चिकटवता रचतात. जमिनीच्या पोटात माल टिकतो हे हरिपूरच्या हळदीच्या पेवांमुळे, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांमुळे, सांगलीकरांना नव्याने सांगायला नको, पण पेवात वाळलेली हळद असायची; ओल्या कंदाला ओलावा लागतो, नाहीतर तो सुरकुततो.

पाल्याबद्दल मात्र कळकळीने सांगते. आपण मुळ्याचा पाला टाकत नाही, त्याची भाजी करतो. पार्सनिपच्या पाल्याच्या वाटेला जाऊ नका. त्याचा चीक अंगाला लागला आणि वर ऊन पडलं, की भाजल्यासारखे फोड येतात. लेकराच्या परसात हा लावलेला असेल, तर पाला काढताना हातमोजे आणि पूर्ण बाह्या हव्यातच.

आता स्वयंपाकाचं. लहान कंद घ्यावेत. मोठ्याच्या मधला दांडा लाकडासारखा होतो. चार उभ्या फाका करून तो कापून काढायचा. चिरला की काळा पडतो, म्हणून लिंबू पिळलेल्या पाण्यात टाकावा. फाकांना तेल, मीठ आणि आपला साताऱ्याचा कांदा-लसूण मसाला चोळून ओव्हनमध्ये २०० अंशांवर भाजल्या, तर जावयासकट सगळे ताट पुसून उठतात. साखरेमुळे कडा लवकर करपतात, तेवढं लक्ष ठेवावं. मोहरी-हिंगाच्या फोडणीवर काचऱ्या परतून दाण्याचं कूट घातलं की भाकरीशी उत्तम. गूळ घालायची गरजच नाही. उकडताना गाजरापेक्षा लवकर शिजतो आणि नजर हटली की लगदा होतो. तसा झालाच, तर दही घालून भरीत करावं. जास्त आणला असेल, तर फोडी उकळत्या पाण्यातून दोन मिनिटं काढून, गार पाण्यात घालून, कोरड्या करून फ्रीझरमध्ये टाकाव्यात.

रताळ्याचं याच्या अगदी उलट आहे. ते उष्ण मुलखातलं. कच्चं रताळं फ्रीजमध्ये ठेवलं की गारठ्याने आतून बिघडतं. मग कितीही उकडा, मधला गाभा कडकच राहतो. महाशिवरात्रीला आणलेली रताळी फ्रीजमध्ये कोंबून नंतर विक्रेत्याला बोल लावणारी घरं मी पाहिली आहेत. टोपलीत, अंधाऱ्या आणि वारं लागेल अशा जागी ठेवावीत. बटाट्याचंही तेच: अंधारात, फ्रीजबाहेर. आल्याचं बेणं सावलीत कसं जपतात, हे कोरेगावकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारावं.

मंडईतल्या विक्रेत्यांनाही विनंती आहे. महाबळेश्वरची गाजरं धुऊन चकचकीत करून मांडली की गिऱ्हाईक थांबतं, हे कळतं. पण थोडी मातीसकट बाजूला ठेवा. आठवड्याची भाजी एकदम नेणारे आम्ही तीच घेऊ.

आपल्या पुरवणीत कंदाची पाककृती येईल तेव्हा त्याखाली तो कुठे आणि कसा ठेवायचा, ही एक ओळ वेगळी छापावी. आणि दिवाळीनंतर परदेशी मुलांकडे निघणारे आईवडील सामान बांधायला घेतात, त्याआधी हे पत्र छापून आलं तर बरं होईल.

आपली एक वाचक,
शाहूपुरी, सातारा