क्वॅबिनच्या तळाशी मनोरे नाहीत

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या क्वॅबिन जलाशयाविषयीचे एक छोटे टिपण आपल्या रविवारच्या पुरवणीत नुकतेच वाचले. पाणी निवळ असले की तळाशी चर्चचे मनोरे दिसतात आणि वाऱ्याच्या रात्री त्यांची घंटा ऐकू येते, असे त्यात म्हटले होते. वूस्टरला मुलीकडे माझा दर वर्षी चार-पाच महिने मुक्काम असतो आणि तेथून मोटारीने तासाभराच्या अंतरावर असलेल्या या जलाशयाच्या काठाने मी अनेकदा हिंडलो आहे. शिवाय माझे जन्मगाव उजनीच्या बुडीत क्षेत्रात गेलेले असल्यामुळे अशा दंतकथा ऐकल्या की मला जरा चिडचिड होते, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. क्वॅबिनच्या तळाशी एकही मनोरा नाही; तो असूच शकत नाही, आणि का असू शकत नाही ही हकिकत त्या दंतकथेपेक्षा फार कठोर असल्यामुळे ती आपल्या वाचकांपुढे यावी, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

स्विफ्ट नदीच्या खोऱ्यात डेना, एनफील्ड, ग्रीनविच आणि प्रेस्कॉट अशी चार गावे होती. टिपणात त्यांना 'खेडी' म्हटले आहे. तो शब्द वस्तीच्या आकारापुरता बरोबर असला तरी त्यांच्या दर्जाची कल्पना त्यातून येत नाही. न्यू इंग्लंडमध्ये 'टाउन' ही स्वतःचा कारभार स्वतः पाहणारी कायदेशीर संस्था असते. वर्षातून एकदा गावातले सगळे मतदार सभागृहात जमतात, शाळामास्तरांचा पगार, पुलाची डागडुजी, रस्त्यावरचे बर्फ काढण्याचा खर्च अशी एकेक बाब वाचली जाते, तिच्यावर खडाजंगी होते आणि हात वर करून ती मंजूर किंवा नामंजूर होते. आपल्याकडील ग्रामसभा कागदावर जशी आहे, तशी ती तेथे प्रत्यक्षात दोन-तीनशे वर्षे चालत आलेली आहे. ग्रीनविच १७५४ साली, डेना १८०१ साली, एनफील्ड १८१६ साली आणि प्रेस्कॉट १८२२ साली अशी मान्यता मिळालेली संस्था होती. चारही गावांतून मिळून उठवली गेलेली माणसे अवघी अडीच हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्या एखाद्या मध्यम गावाएवढी. पण त्यांच्यापाशी चार सभागृहे, चार दप्तरे आणि चार वेगवेगळे अभिमान होते.

तेथले जगणे साधे होते. डेनामध्ये ताडाच्या पानांच्या टोप्या विणण्याचा धंदा एके काळी घरोघर चाले, एनफील्डला लोकरीच्या कापडाची गिरणी होती, आणि ग्रीनविचच्या तळ्यांवरचा बर्फ हिवाळ्यात करवतीने कापून, साठवून, रेल्वेने शहरांकडे जाई. खोऱ्यातून ॲथॉल ते स्प्रिंगफील्ड अशी एक रेल्वे धावे. ती थोडे अंतर जाऊन थांबे, पुन्हा थोडे जाऊन थांबे, म्हणून लोक तिला 'ससा' म्हणत. धरणामुळे ती १९३५ साली बंद पडली. लहान गावे स्वतःच्याच गाडीची अशी थट्टा करू शकतात, कारण गार्डही त्यांच्या ओळखीचा असतो.

बॉस्टन शहर या खोऱ्याच्या पूर्वेला सुमारे शंभर किलोमीटरवर आहे. शहर वाढत गेले तसतसे जवळचे पाणी अपुरे पडू लागले आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अभियंत्यांची नजर पश्चिमेकडे वळली. स्विफ्ट नदीचे खोरे बशीसारखे, चहूबाजूंनी टेकड्यांनी वेढलेले, उंचावर असल्यामुळे पाणी उपसा न करता उताराने शहराकडे नेता येण्यासारखे. अभियंत्याला याहून अधिक काय हवे असते? प्रत्यक्ष कायदा झाला १९२७ साली. परंतु अफवा त्याच्या कितीतरी आधी आली होती, आणि मला या साऱ्या इतिहासातला हाच भाग सर्वांत ओळखीचा वाटतो. गाव जाणार असे एकदा लोकांच्या तोंडी झाले की कोणी नवे छप्पर घालत नाही, कर्ज देणारा हात आखडता घेतो, तरुण मुले दुसरीकडे काम शोधतात आणि गिरणीच्या मालकाला यंत्रे बदलण्यात अर्थ वाटत नाही. पाणी येण्याआधी पंधरा-वीस वर्षे गाव असे आतून रिकामे होत असते, आणि मग मोबदला ठरवणारा अधिकारी येऊन त्या पडझड झालेल्या घराची किंमत पडझड झालेल्या घरासारखीच लावतो.

या योजनेविरुद्धचा सर्वांत मोठा दावा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. पण तो खोऱ्यातल्या माणसांचा नव्हता. खालच्या अंगाच्या कनेक्टिकट राज्याने आपल्या वाट्याचे पाणी कमी होईल म्हणून तो केला होता, आणि १९३१ साली निकाल मॅसॅच्युसेट्सच्या बाजूने लागला. माणसे उठवली जातात याविषयी त्या खटल्यात भांडण नव्हतेच. आपल्याकडे त्याच्या दहा वर्षे आधी, १९२१ साली, सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीच्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला होता हे मी तिकडच्या काही जाणकारांना सांगितले, तेव्हा त्यांना आश्चर्य वाटले. स्विफ्टच्या खोऱ्यात तसा लढा उभा राहिला नाही. वास्तविक बंडाचे रक्त त्या मातीत होते. ज्याच्या नावाने १७८६-८७ मधले कर्जबाजारी शेतकऱ्यांचे बंड ओळखले जाते, तो डॅनियल शेज पुढे प्रेस्कॉटमध्ये सामील झालेल्या भागातच राहत होता. वसुलीचे दावे चालू नयेत म्हणून त्याच्या लोकांनी न्यायालये बंद पाडली होती. मराठी वाचकाला येथे १८७५ चा सुपे येथला सावकारांविरुद्धचा दंगा आठवल्याशिवाय राहणार नाही. आज जलाशयाच्या पश्चिमेकडून जाणाऱ्या महामार्गाला त्याच शेजचे नाव आहे, आणि तो महामार्ग बांधावा लागला तो खोऱ्यातले जुने रस्ते पाण्यात गेले म्हणून.

आता मनोऱ्यांविषयी. हे पिण्याचे पाणी आहे. पिण्याच्या पाण्याच्या तळाशी लाकूड, झाडे, शेणखताचे ढीग किंवा दफनभूमी ठेवता येत नाही. त्यामुळे खोऱ्यातली इमारत अन् इमारत एक तर विकून, उचलून दुसरीकडे नेली गेली, नाही तर पाडून जाळली गेली. काही घरे तर शेजारच्या व्हरमाँट राज्यात नेऊन पुन्हा उभारली आहेत. झाडे तोडण्यासाठी बॉस्टनहून बेकार तरुणांच्या टोळ्या राजकीय वशिल्याने पाठवण्यात आल्या. त्यांतल्या बहुतेकांनी आयुष्यात कुऱ्हाड धरलेली नव्हती, म्हणून गावकऱ्यांनी त्यांना 'सुतारपक्षी' असे नाव ठेवले. दफनभूमी उकरून सुमारे ७,५०० जणांचे अवशेष वेअर गावाजवळच्या एका नव्या दफनभूमीत हलवले गेले, आणि चारही गावांची युद्धस्मारकेसुद्धा तेथेच नेऊन ठेवली आहेत. उठवलेल्या जिवंत माणसांची संख्या आणि हलवलेल्या मृतांची संख्या या दोन्ही मी शेजारी शेजारी लिहिल्या तेव्हा बराच वेळ त्या कागदाकडे पाहत बसलो. गावाची खरी लोकसंख्या कोणती मानायची?

२७ एप्रिल १९३८ च्या रात्री एनफील्डच्या सभागृहात गावच्या अग्निशमन दलाने निरोपाचा नृत्यसमारंभ ठेवला होता. सभागृह भरले, बाहेरही गर्दी झाली, आसपासच्या गावांतून आणि दूरवर पांगलेल्या घरांतून माणसे आली. बाराचे ठोके पडले तेव्हा वाद्ये थांबली आणि दालनात दबलेले हुंदके ऐकू आले. रापलेल्या पुरुषांनाही रुमाल काढताना लाज वाटली नाही, असे दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रात आले. त्या क्षणी, म्हणजे २८ एप्रिल सुरू होताच, चारही गावे कायद्याने संपली. पाणी अजून आले नव्हते. घरे काही ठिकाणी उभी होती. पण आता एनफील्ड नावाचे गाव राज्यात नव्हते आणि त्याच्या जमिनी शेजारच्या गावांच्या हद्दीत वाटल्या गेल्या होत्या. आपल्याकडे धरणात गेलेल्या गावाचे नाव निदान पुनर्वसित गावठाणाला तरी लागते, मागे 'नवीन' हा शब्द जोडून का होईना. तिकडे तेही झाले नाही. गावाला गाव म्हणून दुसरीकडे वसवण्याची कल्पनाच नव्हती. ज्याने त्याने आपापले पैसे घेऊन जिकडे वाट फुटेल तिकडे जायचे होते.

पाणी साठवायला ऑगस्ट १९३९ मध्ये सुरुवात झाली आणि जलाशय भरायला १९४६ साल उजाडले. त्याची क्षमता ४१२ अब्ज गॅलन, म्हणजे आपल्या हिशेबाने सुमारे ५५ टीएमसी. कोयनेच्या साधारण निम्मी. फुगवट्याखाली जवळजवळ शंभर चौरस किलोमीटर जमीन गेली. बॉस्टन आणि त्याच्या उपनगरांतील लक्षावधी घरांच्या नळाला आजही हे पाणी येते, आणि ते उत्तम आहे, हे मुलीच्या मैत्रिणीकडे बॉस्टनला पाहुणचार घेतलेला माणूस म्हणून मी खात्रीने सांगू शकतो.

एक गोष्ट मात्र टिपणात अजिबात नव्हती. डेना गावाचा मधला चौक पाण्यात गेलाच नाही. तो पाण्याच्या रेषेच्या वर राहिला. केवळ जलाशयाचे पाणलोट क्षेत्र निर्मनुष्य असावे म्हणून तोही उठवला आणि पाडला गेला. चाळीस क्रमांकाच्या फाटकापासून तीन किलोमीटरच्या आत, जुन्याच रस्त्याने चालत तेथे जाता येते. मधोमध हिरवळ, कडेने मोठी झाडे आणि हिरवळीभोवती ओळीने घरांच्या तळघरांचे दगडी खड्डे. काही खड्ड्यांसमोर पायऱ्या शिल्लक आहेत, त्या चढून कोठेच जाता येत नाही. एका दगडावर १८०१-१९३८ ही वर्षे कोरलेली आहेत आणि आपली घरे व आपली जीवनपद्धती ज्यांनी त्यागली त्या सर्वांना, अशा अर्थाचा मजकूर आहे. हा दगड सरकारने बसवलेला नसून डेनाच्या लोकांनी १९९६ साली, गाव संपल्यानंतर ५८ वर्षांनी, आपल्या मेळाव्याच्या नावाने बसवला. २०१३ साली या चौकाची राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या नोंदवहीत नोंद झाली. 'त्यागली' हा शब्द मला खटकला, हेही नमूद करतो. त्यागाला विचारणा लागते. आणि 'क्वॅबिन' हे नावच मुळात ज्या निपमक या तेथल्या मूळनिवासी लोकांचे, त्यांना कोणी दगडही बसवलेला मला दिसला नाही.

या लोकांकडून घेण्यासारखी गोष्ट मला कागदांची वाटते. नुकसानभरपाई ठरवण्यासाठी धरण आयोगाने खोऱ्यातल्या घरादारांची, कोठारांची, दुकानांची छायाचित्रे काढली, प्रत्येक मालमत्तेला क्रमांक दिला आणि तो क्रमांक पाटीवर लिहून छायाचित्रात धरला. हेतू निव्वळ हिशेबाचा होता. आज तीच छायाचित्रे राज्याच्या दप्तरखान्याने संगणकावर सर्वांसाठी खुली केली आहेत आणि घर बुडाले त्याचा नातू अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला बसून आपल्या आजोबांचा ओटा पाहू शकतो. गावे संपण्याच्या दोन वर्षे आधीच, १९३६ साली, गावकऱ्यांनी आपली इतिहास संस्था स्थापन केली. न्यू सेलम येथे तिचे संग्रहालय आहे; प्रेस्कॉटचे एक लहानसे चर्चही उचलून तेथे आणून ठेवले आहे. म्हणजे चर्च पाहायचे असेल तर पाण्यात डोकावण्याची गरज नाही, मोटारीने जाता येते. धरणाजवळच्या माहिती केंद्रात जुने रहिवासी मंगळवारच्या चहाला जमत आले आहेत. जे त्या वेळी शाळेत होते ते आता नव्वदीच्या पुढे आहेत.

आमच्या गावाची कथा थोडक्यात सांगतो. आमचे घर, वेस, पार आणि पाणवठा भीमेत गेले तेव्हा मी तरुण होतो. भूसंपादनाच्या वेळी घरांची मोजणी झाली होती, पंचनामे झाले होते, खातेदारांची आणि धरणग्रस्तांच्या संकलनाची रजिस्टरे झाली होती; मोजणीदाराला मी स्वतः टेपचे दुसरे टोक धरून दिले होते. काही वर्षांपूर्वी ते कागद पाहण्यासाठी मी एका कचेरीत चार खेपा घातल्या. पहिल्यांदा दप्तर हलवले आहे असे सांगितले गेले, दुसऱ्यांदा संबंधित लिपिक रजेवर होता, तिसऱ्यांदा कशासाठी हवे असे विचारले गेले. फक्त पाहायचे आहे, या उत्तराने कोणाचेही समाधान झाले नाही. चौथ्या खेपेला मी विचारलेच नाही, नुसता बाकावर बसून परत आलो.

दर उन्हाळ्यात उजनीचे पाणी ओसरले की पळसदेवचे देऊळ उघडे पडते आणि सगळी वृत्तपत्रे त्याचे देखणे छायाचित्र छापतात. ते जरूर छापावे. पण क्वॅबिनच्या मनोऱ्यांसारखेच त्या छायाचित्रातही देवळापलीकडची माणसे दिसत नाहीत. माझी विनंती अशी की आपल्या वृत्तपत्राने पुढच्या उन्हाळ्यात त्या छायाचित्राशेजारी बुडालेल्या एका गावाची घरवार यादी छापावी: कोणाचे घर कोठे होते, शेजार कोणाचा, पुढे कोण कोठे गेले. भूसंपादनाची जुनी दप्तरे जिल्हावार संगणकावर आणून सर्वांना खुली करावीत, असा आग्रहही आपण शासनाकडे धरू शकता; ते कागद आधीच तयार आहेत आणि त्यांवर आता कोणाचा दावा चालू असण्याची शक्यता फार थोडी आहे.

माझ्या आईने अखेरच्या आजारपणात वेशीपासून नदीपर्यंत एकेक घर आठवून मला सांगितले होते. ते मी वहीत उतरवून घेतले आहे; एकूण चौसष्ट घरे भरली, दोन घरांची नावे तिला आठवली नाहीत. आपली तयारी असल्यास ती यादी पुढच्या टपालाने पाठवतो.

आपला नम्र,
इंदापूर तालुक्यातील एक धरणग्रस्त वाचक
(सध्या मुक्काम वूस्टर, मॅसॅच्युसेट्स)