'भरती' हा शब्द बदलावा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या गेल्या रविवारच्या पुरवणीत व्हिडिओ गेममधील गाजलेल्या नायकांवर जो लेख आला आहे, त्यातील 'हेलो' या मालिकेच्या नायकावरचा मजकूर मी दोनदा वाचला. लेखकाने मास्टर चीफला 'जन्मजात योद्धा' म्हटले आहे, परग्रहावरून आलेल्या शत्रूशी लढण्यासाठीच तो घडवला गेला असे सांगितले आहे, आणि सोबतच्या चौकटीत 'जन्म २५११, सैन्यात भरती २५१७' अशी नोंद दिली आहे. यातले पहिले विधान चूक आहे आणि दुसरेही चूक आहे. चौकटीतली साले बरोबर आहेत, पण त्यांच्यामधला शब्द चूक आहे, आणि मला तीच चूक सर्वांत गंभीर वाटली म्हणून हे पत्र लिहीत आहे. मी चौतीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले, त्यातली बहुतेक पहिलीच्या वर्गावर, त्यामुळे २५१७ मधून २५११ वजा करण्यासाठी मला पाटी लागली नाही.

साठी उलटलेल्या बाईने या विषयावर पत्र का लिहावे, असे कुणाला वाटेल. माझा मुलगा कॉलेजात असताना घरच्या संगणकावर हा गेम खेळत असे. तो रात्री-अपरात्री कुणावर गोळ्या झाडतो आहे हे पाहायला मी एकदा शेजारी बसले आणि मग अधूनमधून बसतच गेले. पुढे त्यानेच मला एरिक नायलंड यांची, ऑक्टोबर २००१ मध्ये निघालेली इंग्रजी कादंबरी आणून दिली. गेम त्यानंतर दोन-अडीच आठवड्यांनी, १५ नोव्हेंबर २००१ रोजी, एक्सबॉक्स या यंत्राबरोबरच अमेरिकेत बाजारात आला. बंजी या कंपनीने तो तयार केला होता आणि मायक्रोसॉफ्टने प्रकाशित केला होता. नायकाचे बालपण सांगितले आहे ते कादंबरीत. शब्दकोश शेजारी ठेवून ती वाचायला मला दीड महिना लागला.

'मास्टर चीफ' हे त्याचे नावच नव्हे. तो नौदलातला हुद्दा आहे, तोही अधिकाऱ्याचा नव्हे. आमच्या सातारा जिल्ह्यात गावोगावी 'सुभेदार' किंवा 'मेजर' म्हणूनच ओळखली जाणारी म्हातारी माणसे आहेत, ज्यांचे पाळण्यातले नाव सुनांनाही आठवत नाही, तसलाच हा प्रकार. पण आमच्या सुभेदारांना निदान आडनाव असते. याचे नाव जॉन, आणि त्यापुढे आडनावाच्या जागी ११७ हा आकडा. आडनाव मुद्दाम काढून घेतलेले आहे, आणि ते कसे काढून घेतले, हीच त्याची खरी जन्मकथा आहे.

एरिडॅनस-दोन नावाच्या ग्रहावरच्या वसाहतीत, शाळेच्या मैदानावर, हा सहा वर्षांचा मुलगा टेकडीवर उभा राहून वर चढू पाहणाऱ्या सवंगड्यांना खाली ढकलण्याचा खेळ खेळत असतो. चेहऱ्यावर बारीक तिळांसारखे ठिपके आणि पुढच्या दोन दातांमध्ये किंचित फट, असे त्याचे वर्णन आहे. कॅथरीन हॅल्सी या शास्त्रज्ञ बाई एका तरुण लष्करी अधिकाऱ्याला सोबत घेऊन त्याला पाहायला येतात. त्या त्याच्याशी गोड बोलतात, एक जुने नाणे काढतात आणि ते वर उडवल्यावर कोणती बाजू वर येईल ते सांगायला लावतात. मुलगा नाणे हवेतच झेलतो आणि 'गरुड' असे बरोबर उत्तर देतो. हॅल्सीबाई ते नाणे त्याला देऊन टाकतात. वाचकाला हा प्रसंग सुरुवातीला लाडिक वाटतो. मला तो वाटला नाही, कारण अनोळखी माणसाने काही दिले तर घ्यायचे नाही, हे पहिलीच्या मुलांना जूनमध्ये एकदा आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर पुन्हा एकदा मी घोकून घेत असे.

त्यानंतर मुलाला पळवून नेले जाते. निवडलेल्या दीडशे मुलांपैकी पंचाहत्तर मुले अशा रीतीने उचलली गेली. आईबापांना संशय येऊ नये म्हणून प्रत्येक मुलाच्या जागी, घाईने वाढवलेली त्याची हुबेहूब प्रतिकृती ठेवण्यात आली. या प्रतिकृती टिकणाऱ्या नव्हत्या, हे करणाऱ्यांना आधीच माहीत होते. थोड्याच काळात ती मुले आजारी पडून मेली आणि आईबापांनी आपलेच मूल गेले असे समजून त्यांना मूठमाती दिली.

एकदा मधल्या सुट्टीत माझ्या वर्गातला एक मुलगा मला न सांगता त्याच्या मामाबरोबर निघून गेला होता. सुमारे पाऊण तास आम्ही विहिरीपासून एसटी स्थानकापर्यंत सगळीकडे शोधत होतो. त्याची आई शाळेच्या पायरीवर बसून होती आणि तिच्या हातात त्याची एकच चप्पल होती, कारण दुसरी घालूनच तो गेला होता. ती आई आजही माझ्या डोळ्यांसमोर आहे. कादंबरीतल्या आयांना शोधायलाही वाव ठेवलेला नाही. त्यांच्या घरात मूल होते, तापाने फणफणलेले. गेममध्ये आजवर जेवढे परग्रहवासी मारले गेले असतील, त्या सगळ्यांपेक्षा मला हे अधिक क्रूर वाटते.

आता दुसऱ्या चुकीकडे येते. ही मुले परग्रहवासीयांशी लढण्यासाठी नेलेलीच नव्हती. २५१७ साली माणसाला कव्हेनंट नावाच्या त्या शत्रूचा पत्ताही नव्हता. त्यांची पहिली गाठ पडली ती २५२५ मध्ये, हार्वेस्ट या शेतीप्रधान वसाहतीवर. त्याआधी पृथ्वीच्या सत्तेला धोका होता तो तिच्याच वसाहतींमधल्या बंडखोरांचा, आणि ते बंड मोडण्यासाठी ही 'स्पार्टन-दोन' योजना आखलेली होती. आधीच्या 'ओरायन' योजनेत प्रौढ स्वयंसेवक घेतले होते; त्यातून हवे ते साधले नाही, म्हणून मुले. जॉनची पहिली कामगिरी होती बंडखोरांच्या एका म्होरक्याला, म्हणजे एका माणसाला, पकडून आणण्याची, तीही त्याच्या जन्मग्रहाच्याच सूर्यमालेत. पुढे परग्रहवासी आले आणि सगळा हिशेबच बदलला. ते आले नसते तर मास्टर चीफ हा तारणहार न ठरता दडपशाही करणाऱ्या सरकारचा एक निष्णात शिपाई ठरला असता. (स्पार्टामध्येही सातव्या वर्षी मुलगा घरातून नेत असत, पण तो कुठे गेला हे तिथल्या आईला माहीत असे.)

प्रशिक्षणाबद्दल लेखात 'खडतर' एवढाच शब्द आहे. त्यातला पहिला दिवस सांगण्यासारखा आहे. रीच या ग्रहावर प्रशिक्षक मेंडेझ मुलांचे तिघातिघांचे गट करतात, दोर, शिड्या आणि खांब असलेल्या उंच मांडणीवर चढून घंटा वाजवायला सांगतात आणि शेवटी येणाऱ्या गटाला जेवण मिळणार नाही असे बजावतात. जॉन सर्वांच्या पुढे जाऊन घंटा वाजवतो, पण त्याचे दोन सोबती, सॅम आणि केली, मागे राहतात. तू जिंकलास पण तुझा गट हरला, असे सांगून तिघांनाही उपाशी ठेवले जाते. उपासाने शिकवलेला हा धडा तो जन्मभर विसरत नाही. गटकार्याचे महत्त्व मीही शिकवले आहे, बालभारतीच्या पुस्तकात त्यावर धडेही असत, पण मुलाचा डबा काढून घेऊन ते शिकवण्याचा विचार माझ्या मनात कधी आला नाही.

चौदाव्या वर्षी त्यांच्या हाडांवर, स्नायूंवर आणि डोळ्यांवर प्रयोग झाले. पंचाहत्तरपैकी तीस मुले मेली, बारा कायमची अपंग झाली आणि तेहतीस कामाची उरली. 'कामाची उरली' हे मी त्या योजनेच्या भाषेत लिहीत आहे. त्याच वर्षी त्यांना ते प्रसिद्ध हिरवे चिलखत मिळाले, सुमारे अर्धा टन वजनाचे, जे साध्या माणसाने घालून हात हलवला तर त्याचेच हाड मोडावे. ते घालून केलेल्या पहिल्याच लढाईत सॅमच्या चिलखताला भोक पडले. निर्वात अवकाशातून परतणे अशक्य झाले, आणि तो शत्रूच्या जहाजावरच मागे राहिला. सैनिकाचा जीव कामी लावणे आणि तो वाया घालवणे यांतला फरक मेंडेझ यांनी जॉनला समजावलेला होता. सॅमचा जीव यांपैकी कशात गेला, हा प्रश्न तो स्वतःला विचारत राहतो. तेव्हा दोघेही चौदा वर्षांचे होते.

पहिल्या गेममध्ये यातले जवळपास काहीच नाही. नायक जहाजावर शीतनिद्रेतून जागा होतो, एक तंत्रज्ञ त्याला वरखाली दिव्यांकडे पाहायला सांगतो, आणि खेळाडूला मान कशी फिरवायची ते कळले की युद्ध सुरू. हेल्मेटमागचा चेहरा कधी दिसत नाही, बोलणे मोजके. आवाज आहे स्टीव्ह डाउन्स या शिकागोच्या रेडिओ निवेदकाचा. रिकाम्या हेल्मेटमध्ये खेळणाऱ्या प्रत्येकाला स्वतःला बसवता यावे, अशीच ही रचना आहे, आणि ती कमालीची यशस्वी झाली हे मी माझ्या मुलाकडे पाहून सांगू शकते. म्हणून २०२२ च्या दूरचित्रवाणी मालिकेत पहिल्याच भागात हेल्मेट काढले तेव्हा चाहते संतापले. त्या मालिकेने पळवून नेलेल्या मुलाच्या आठवणींनाच कथेच्या मुळाशी ठेवले होते. त्याबद्दल मात्र मी फारशी चर्चा ऐकली नाही.

त्याची एकमेव जिवलग म्हणजे कॉर्टाना, त्याच्या चिलखतात वावरणारी कृत्रिम बुद्धिमत्ता. ती हॅल्सीबाईंच्या स्वतःच्या मेंदूच्या प्रतिकृतीवरून बनवलेली आहे. म्हणजे ज्या बाईने त्याला आईपासून तोडले, तिचेच मन पुढे त्याच्या डोक्याशी बोलू लागते, त्याला जपते, आणि त्याला दुसरे कुणी नसल्यामुळे तोही तिला जपतो. २०१२ च्या चौथ्या गेममध्ये अशा बुद्धिमत्तेचे सुमारे सात वर्षांचे आयुष्य संपून तिचे भान सुटत जाते आणि ती त्याला विचारते की आपल्या दोघांत यंत्र नेमके कोण. त्याच गेमच्या सुरुवातीला हॅल्सीबाईंची उलटतपासणी आहे आणि मुलांचे अपहरण केल्याबद्दल त्यांना जाब विचारला जातो. त्यांचा बचाव असा की, आपल्या कामामुळे मानवजात वाचली.

हा बचाव खोटा नाही, आणि म्हणूनच तो मला अधिक अस्वस्थ करतो. माझा मुलगाही फोनवर हेच म्हणाला: "आई, तो नसता तर पृथ्वीच राहिली नसती." कथेपुरते ते खरे आहे. पण बाईंनी मुले उचलली तेव्हा त्यांना हा शत्रू माहीत नव्हता, हे मी वर लिहिले आहेच. नंतर लागलेल्या आगीसाठी आधी केलेली चोरी उपयोगी पडली, म्हणून त्या चोरीला पाणी साठवणे म्हणता येत नाही.

आता चौकटीतल्या शब्दाबद्दल. आमच्याकडे भरती म्हणजे काय ते मी रोज पाहते. पहाटे साडेचारला रस्त्याच्या कडेने मुले धावत असतात, एखाद्याचा बाप मोटारसायकलवरून मागे वेळ लावत असतो. उंची, छाती, दाखले, वैद्यकीय तपासणी असे एकेक टप्पे पार पडतात. साडेसतरा वर्षांच्या आत कुणाला उभेही करत नाहीत. निवड झाली की पेढे वाटतात, आणि निघायच्या दिवशी आई कोपऱ्यात जाऊन रडते, कारण मुलगा कुठे चालला आहे हे तिला माहीत असते. सशस्त्र संघर्षात मुलांना ओढू नये, यासाठीचा संयुक्त राष्ट्रांचा बालहक्कविषयक करार फेब्रुवारी २००२ मध्ये अमलात आला, म्हणजे हा गेम दुकानांत आल्यावर तीन महिन्यांच्या आत. त्याही भाषेत सहा वर्षांच्या मुलाला नेण्याला भरती म्हणत नाहीत.

लेख आपल्या संकेतस्थळावर अजून आहे. बाकी मजकुराबद्दल लेखकाशी माझे मतभेद राहिले तरी हरकत नाही. चौकटीत २५१७ सालासमोर 'सैन्यात भरती' आहे तेथे 'अपहरण' एवढी दुरुस्ती करावी, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, सातारा