अस्तंबा चढलात म्हणजे हिमालयाची तयारी झाली असे नव्हे

महोदय,

परीक्षा आटोपल्या की जळगाव, धुळे, नंदुरबारहून हिमालयात जाणाऱ्या गटांची गर्दी सुरू होते. तयारी म्हणून कोणी तोरणमाळ, कोणी पाटणादेवीचे डोंगर, तर कोणी दिवाळीत अस्तंब्याची यात्रा केलेली असते. त्याने पाय तयार होतात, दम वाढतो. विरळ हवेची सवय मात्र त्याने लागत नाही. अस्तंबा जेमतेम १३०० मीटर. महाराष्ट्रातले सर्वांत उंच कळसूबाईसुद्धा १६४६ मीटर. विरळ हवेचा त्रास साधारण २५०० मीटरनंतर सुरू होतो. म्हणजे ही दुसरी तयारी आपल्याकडे करताच येत नाही. ती तिथे जाऊन, दिवस खर्चूनच करावी लागते आणि सहलीच्या आखणीत नेमके तेच दिवस कापले जातात.

३५०० मीटरवर हवेतला प्राणवायूचा वाटा तेवढाच, २१ टक्के असतो. पण हवेचा दाब कमी असल्याने प्रत्येक श्वासात तो सुमारे एक तृतीयांशाने कमी मिळतो. श्वास काही तासांत वाढतो, पण रक्तातले संतुलन मूत्रपिंडांना नव्याने जमवायला काही दिवस लागतात. रोज दहा किलोमीटर पळणाऱ्यालाही यातून सूट नाही. उलट दम चांगला म्हणून तो भराभर वर जातो आणि त्यालाच आधी त्रास होऊ शकतो.

म्हणून ३००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी त्याच उंचीवर आणखी एक रात्र काढावी. मोजायची ती मुक्कामाची उंची; दिवसा वर जाऊन खाली झोपायला आले तर चांगलेच. आपल्याकडून पुष्कळ लोक केदारनाथला जातात. गौरीकुंड सुमारे १९८० मीटर, केदारनाथ ३५८३ मीटर. एका दिवसात १६०० मीटर चढून तिथेच झोपायचे, हे शरीराला फार जड आहे.

डोकेदुखी आणि सोबत मळमळ, अन्नावरची वासना जाणे, चक्कर, गळून जाणे यातले काही असेल, तर ते पित्त किंवा उन्हाचा त्रास समजू नये. बरे वाटेपर्यंत वर जाऊ नये. शंका आली तर त्या माणसाला सरळ रेषेत, एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना टेकवत दहा-बारा पावले चालायला लावावे. तोल गेला, तर मेंदूला सूज येत असल्याची ती खूण समजावी. बसल्या जागी धाप आणि खोकला म्हणजे फुप्फुसात पाणी साठत असण्याची शक्यता. दोन्हींत सकाळची वाट पाहायची नाही. रात्र असली तरी सोबत देऊन लगेच खाली न्यायचे. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नये. गारठलेल्या बोटावर तो चुकीचा आकडा दाखवतो.

उंचीच्या त्रासाला आळा घालणाऱ्या ॲसिटाझोलामाइडच्या गोळ्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात. सल्फाची ॲलर्जी असल्यास ते आधी सांगावे. गोळी घेतली म्हणून घाईने चढायची मुभा मिळत नाही.

नंदुरबार, धुळ्याच्या आदिवासी पट्ट्यातील तरुणांसाठी एक गोष्ट अगदी तळमळीने लिहावीशी वाटते. सिकलसेलचा (रक्तातल्या तांबड्या पेशींच्या आनुवंशिक आजाराचा) रुग्ण असेल, तर जास्त उंचीवर जाणे धोक्याचे आहे. नुसता वाहक असेल, तर घरी त्याला काहीच जाणवत नाही; पण उंचीवर प्लीहेचा रक्तपुरवठा अडून डाव्या बरगडीखाली तीव्र वेदना होऊ शकतात. रक्ताची तपासणी सोपी आहे. ती निघण्यापूर्वी करावी आणि अहवाल डॉक्टरांना दाखवूनच नाव नोंदवावे.

सराव बारा आठवडे आधी सुरू करावा. पाच किलोमीटर ३५ मिनिटांत पळता येईल इतका दम हवा. वैशाखातल्या उन्हात दुपारचा सराव नकोच. पहाटे पाचला लळिंगचा किल्ला किंवा चार मजली इमारतीचा जिना. सॅकमध्ये आधी पाच, मग दहा लिटर पाण्याच्या बाटल्या भराव्यात. पहिला महिना माथ्यावर पाणी ओतून रिकाम्या सॅकने उतरावे, म्हणजे गुडघे वाचतात. पुढे भार घेऊनच उतरावे, कारण मांड्या खऱ्या भरून येतात त्या उतारावर. सॅकचा कमरपट्टा आधी कमरेच्या हाडावर आवळावा, खांद्याचे पट्टे नंतर.

बूट संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, जाड मोजे घालून घ्यावेत आणि निघण्यापूर्वी दीड महिना वापरावेत. कपाटात पाच-सात वर्षे पडून राहिलेले बूट नव्यासारखे दिसतात, पण तळव्यातला फोम दमटपणाने कुजलेला असतो आणि दुसऱ्याच दिवशी सोल सुटून लोंबतो. सुती बनियन घामाने भिजली की वाळत नाही, म्हणून अंगालगत सुती नको. खाण्यात तळलेल्या शेवेपेक्षा दशम्या, राजगिऱ्याचे लाडू, गूळ-शेंगदाणे बरे. उंचीवर भूक मरते आणि तेलकट घशाखाली उतरत नाही.

आपल्या भागातील आयोजकांना विनंती, की माहितीपत्रकात फोटोंसोबत प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाची उंची मीटरमध्ये छापावी आणि नोंदणी अर्जात सिकलसेल अहवालाचा रकाना ठेवावा. पालकांनीही पैसे भरण्याआधी हे दोन कागद मागून घ्यावेत.

— एक गिर्यारोहण प्रशिक्षक, शहादा