रविवारची बैठक: दातांचे सर, हाडांची गोष्ट

सभासदहो, नमस्कार.

येत्या रविवारी सकाळी १० वाजता टिळकवाडीत, नेहमीच्या हॉलमध्ये जमायचं आहे. दंतमहाविद्यालयात शिकवणारे आणि हाडांच्या पेशींवर संशोधन करणारे आपले एक सभासद स्वतःच्या वाटचालीबद्दल बोलतील. पाच वर्षं बीडीएस (दंतवैद्यकाची पदवी), तीन वर्षं एमडीएस (त्यातलंच पदव्युत्तर शिक्षण), मग लेक्चरर, रीडर, प्रोफेसर. दवाखाना थाटायचा सोडून हा गृहस्थ जबड्याच्या हाडामागे का लागला, ते त्यांच्याच तोंडून ऐका.

१९५० च्या दशकात स्वीडनचे संशोधक ब्रेनेमार्क यांनी सशाच्या हाडात बसवलेलं टायटॅनियमचं उपकरण काढायला घेतलं, तर ते हाडाला घट्ट धरून बसलेलं! १९६५ मध्ये त्याच जोरावर माणसाच्या जबड्यात कृत्रिम दात पक्के बसले. ब्रेनेमार्क स्वतः दंतवैद्य नव्हते, हे विशेष.

• हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून गोळ्या-इंजेक्शनं घेणाऱ्यांनी औषधाची चिठ्ठी आणावी. दात काढण्याआधी डॉक्टरांना हे सांगावंच लागतं. औषध मात्र आपणहून बंद करू नका.
• खानापूर-निपाणीकरांनी शुक्रवारपर्यंत कळवा. गेल्या खेपेला पोहे कमी पडले होते.
• तपासणी होणार नाही. कवळ्या घरीच ठेवा.