शनिवारी चार वाजता

तासगाव

चि. प्रणव यास अनेक आशीर्वाद.

शनिवारी चार ते पाच माझा फोन का लागत नाही, असं तू दोनदा विचारलंस. दोन्ही वेळा मी भजनी मंडळाचं नाव सांगितलं. ते खोटं होतं. त्या तासाला मी माडीवरच्या खोलीत दार लावून एका मानसशास्त्रज्ञ ताईंशी व्हिडिओ कॉलवर बोलत असते. आठ महिने झाले.

बाबांची ती रात्र तुला ठाऊक आहे. छातीत जळजळतंय म्हणाले, मी ओवा दिला आणि पडून राहा म्हटलं. सांगलीला नेईपर्यंत सगळं संपलं होतं. पुढची दोन वर्षं रोज रात्री मी स्वतःला एकच विचारायची, 'बाई, तुला कळलं कसं नाही?' गावात कुणाकडे जाणं मला जमलं नसतं, सगळी ओळखीची माणसं. शेवटी एका रात्री टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 लावला. सरकारी आहे, पैसे पडत नाहीत, चोवीस तास चालू असतं, मराठीतून बोलता येतं. पलीकडच्या मुलीने शांतपणे ऐकून घेतलं आणि नियमित समुपदेशन घ्या म्हणाली. मग पुण्याच्या या ताई मिळाल्या. भारतीय पुनर्वास परिषदेकडची त्यांची नोंदणी मी आधी बघून घेतली. तूही हे विसरू नकोस.

चौथ्या शनिवारी ताईंनी विचारलं, 'शेजारच्या घरात हेच झालं असतं, तर तिथल्या बाईला तुम्ही काय म्हणाला असता?' मी लगेच म्हटलं, 'अगं, तू काय डॉक्टर आहेस का? सुचलं ते मायेनंच केलंस ना.' ताई म्हणाल्या, 'आता हेच स्वतःला म्हणा.' माझ्या तोंडून शब्द फुटेना. व्हिडिओ कॉलवर कोपऱ्यातल्या चौकटीत आपलाच चेहरा दिसतो ना, तिकडे नजर गेली. तिथे एक पिकल्या केसांची बाई पदर तोंडाशी धरून रडत होती. मला तिची फार दया आली. मी स्वतःला रडताना कधी बघितलंच नव्हतं रे. समोरासमोर बसले असते तर मला फक्त ताई दिसल्या असत्या.

ताई याला सेल्फ-कम्पॅशन म्हणतात. क्रिस्टिन नेफ नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी 2003 मध्ये त्याची मांडणी केली: स्वतःशी मायेनं वागायचं, चुकणारे आपण एकटेच नाही हे ओळखायचं, आणि दुःख दाबायचं नाही की त्यात वाहवतही जायचं नाही, त्याच्याकडे नीट बघायचं. मला मधलं सगळ्यात जड गेलं. छातीतलं दुखणं पित्ताचं समजून घरी थांबणारी कितीतरी माणसं असतात, हे मान्य करायलाच मला दोन महिने लागले.

आता तुझं. गेल्या महिन्यात स्पर्धा परीक्षेतली मुख्य परीक्षा हुकली आणि तू घरी आलास. रात्री दोनला मी पाण्याला उठले. तू पडवीत बसून कपाळावर हात मारत पुटपुटत होतास, 'गधड्या, तुझ्याच्यानं काही व्हायचं नाही.' मी दारातच थांबले. ते वाक्य माझं आहे, प्रणव. चौथीच्या स्कॉलरशिपला तुझं मेरिट तीन मार्कांनी गेलं, तेव्हा पाहुण्यांसमोर मी तुला हेच बोलले होते, शब्दन् शब्द. मी विसरून गेले आणि तू ते इतकी वर्षं जवळ बाळगलंस. मी तुझी माफी मागते. लागेलसं बोललं की मूल पुढे जातं, असं मला तेव्हा खरंच वाटायचं.

स्वतःला बोललो नाही तर ढिला पडेन, असं तुला वाटेल. मीही ताईंना तेच विचारलं. त्यांनी अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठातला एक प्रयोग सांगितला, 2012 साली छापून आलेला. विद्यार्थ्यांना शब्दांची मुद्दाम अवघड परीक्षा दिली. ती वाईट गेल्यावर काहींना, स्वतःवर फार कठोर होऊ नका, हे बऱ्याच जणांना अवघड जातं, असं सांगितलं. दुसऱ्या परीक्षेआधी याच मुलांनी जास्त वेळ अभ्यास केला.

सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत तुझ्या शेजारी बसणाऱ्या मुलाची पूर्व परीक्षा हुकली, तेव्हा तू त्याला चहाला घेऊन गेलास. तूच मला सांगितलं होतंस. त्याला तू गधड्या म्हणाला नाहीस. चहा पिताना त्याला जे बोललास, ते एकदा स्वतःसाठी कागदावर लिहून बघ.

आई आणि मुलगा एकाच समुपदेशकाकडे नकोत, असं ताई म्हणाल्या. त्यांनी दुसरं एक नाव दिलंय, ते मेसेजवर पाठवते. तुमच्या खोलीत चौघं असता, तिथे मोकळं बोलता येणार नाही. रविवारी दुपारी मावशीचं घर रिकामं असतं, किल्ली ती देईल. फी मी भरीन. आणि कधी जीव नकोसा झाला तर रविवारची वाट बघू नकोस. 14416 लाव, नाहीतर मला उठव, कितीही वाजले असले तरी.

मावशीकडे नवे बेदाणे दिलेत, घेऊन जा. ताईंनी मला त्या रात्रीच्या माझ्यासाठी पत्र लिहायला सांगितलंय. दोन ओळी झाल्यात. पुरं झालं की तुला वाचून दाखवीन. शनिवारी पाचनंतर फोन कर.

तुझी,
आई